संत्र्याची साल आणि मामाजींची सही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या मामाजींचे. काटोलहून दिल्लीला आणि कोलकात्याला संत्र्यांचे ट्रक नेण्यात त्यांची तीस वर्षं गेली. आमच्या खेड्यात शाळा सातवीपर्यंतच होती, म्हणून आईनं मला आठवीत काटोलला त्यांच्या घरी ठेवलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कागदावर पालकाच्या सहीच्या ओळीपुढे त्यांचीच सही आहे. शाळेचा प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, नागपुरात इंजिनिअरिंगला आलो तेव्हा वसतिगृहाचं हमीपत्र, सगळीकडे. मामाजी स्वतः चौथी शिकलेले. सही करण्याआधी ते अख्खा कागद वाचतात, अक्षराखाली बोट धरून, ओठ हलवत. मागे कितीही मोठी रांग असो. कॉलेजच्या खिडकीतला कारकून एकदा वैतागून म्हणाला, "काका, नुसती सही करा ना, वाचायची गरज नाही." मामाजी म्हणाले, "साहेब, न वाचता सही करणं म्हणजे मांगं न पाहता ट्रक रिव्हर्स घेणं आहे." कारकून हसला आणि थांबला.

आमच्याकडे भाचा मामाच्या पाया पडत नाही. मामा भाच्याच्या पाया पडतो. बहिणीचं लेकरू म्हणजे देवाच्या जागी, असं मानतात. बाहेरच्यांना हे उलटं वाटतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते कायम अवघड गेलं. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी मी भावनेच्या भरात वाकायला गेलो, तर त्यांनी माझे खांदे मध्येच धरले. "मले पाप लावतं का गा?" म्हणाले, आणि स्वतःच वाकले. माझ्या घराण्यात पदवीधर झालेला मी पहिला. पदवी हातात घेऊन काटोलच्या बस स्टँडवर उतरलो, तेव्हाही मामाजी तिथेच, लोकांसमोर, वाकले. ज्या माणसापुढे मी आयुष्यभर वाकायला हवं, तोच माझ्यापुढे वाकतो. मग मी काय करणार? मी पत्रं लिहू लागलो. वसतिगृहात होतो तेव्हापासूनच, महिन्याला एक. ट्रकच्या केबिनमध्ये तीस वर्षं बसून त्यांचा उजवा कान गेला आहे आणि डावा अर्धा, त्यामुळे फोनवर बोलणं म्हणजे दोन्ही बाजूंनी ओरडणं. पत्र त्यांना सोयीचं. ते पत्रही बोट धरून वाचतात आणि मामीजींच्या शिवणयंत्राच्या खणात ठेवतात.

आता मी बुटीबोरीला एका कापड कारखान्यात देखभाल विभागात आहे. गेली तीन वर्षं मला लांब पल्ल्याच्या मोटरसायकल प्रवासाचा नाद लागला आहे. नागपुरात आमचा पंधरा-वीस जणांचा एक ग्रुप आहे. त्यातल्या जुन्या लोकांनी चोवीस तासांत सोळाशे किलोमीटरचा प्रवास पूर्ण केलेला आहे. मलाही तो करायचा होता. बहुधा मामाजींनी जे आयुष्यभर पोटासाठी केलं ते मला एकदा स्वतःच्या हौसेनं करून पाहायचं होतं. रस्ता ठरला: नागपूरहून सरळ दक्षिणेला, हैदराबाद आणि कर्नूल ओलांडून थोडं पुढे, आणि त्याच रस्त्यानं परत. दिवस ठरला डिसेंबरातला एक रविवार.

ग्रुपच्या प्रमुख एक दातांच्या डॉक्टर आहेत, पन्नाशी उलटलेल्या. हा प्रवास त्यांनी तीनदा केला आहे. त्यांच्याकडे तयारीचा सात पानांचा फॉर्म असतो. मी पेशानं तपासणी करणारा माणूस, त्यामुळे पहिली सहा पानं मी सणासारखी भरली. दोन्ही टायर नवे. चेनचा ताण, ब्रेकचे पॅड, ऑइल, हेडलाइटचा झोत, क्लचची जादा केबल, पंक्चरचं सामान. ते सामान नुसतं घेतलं नाही, घराच्या अंगणात चाकात मुद्दाम खिळा ठोकून दोनदा पंक्चर काढून पाहिलं. बायको दारात उभी राहून बघत होती. "नव्या टायरले स्वतःच खिळा ठोकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहून राहिली," म्हणाली. ते काढून ठेवलेलं जुनंच टायर होतं. जॅकेट, गुडघ्याचे पॅड, पाठीवरची पाण्याची पिशवी, रक्तगटाचं कार्ड, दर दीडशे किलोमीटरला कुठे थांबायचं त्याचा तक्ता. जेवणात भात नको, दशम्या आणि केळी. सगळं झालं.

डॉक्टरबाईंनी सहा पानं भरभर उलटली. "गाडी मस्त आहे तुझी," त्या म्हणाल्या. "आता गाडीवर बसणाऱ्याचं पान आण."

सातव्या पानाला आम्ही घरचं पान म्हणतो. हा त्यांनीच केलेला नियम. त्या पानावर पाच प्रश्न असतात. घरातल्या मोठ्या माणसानं ते मोठ्यानं वाचून विचारायचे, उत्तरं स्वतःच्या हातानं लिहायची आणि खाली सही करायची. गाडी चालवणाऱ्यानं पेनाला हात लावायचा नाही. बायको चालत नाही. "बायकोले आपण रोजच फसवतो," डॉक्टरबाई म्हणतात, "ज्याच्यासमोर जीभ अडखळते असा माणूस पाहिजे." त्या मूळच्या पुण्याच्या, पण नागपुरात राहून त्यांची भाषा आमच्यासारखी झाली आहे.

ते पान कोणाकडे न्यायचं हा प्रश्नच नव्हता.

पण त्याआधी आठशे किलोमीटरचा सराव करायचा होता, आणि जे घडलं ते त्या सरावात घडलं.

आदल्या आठवड्यात कारखान्यात एका मोठ्या मशिनची दुरुस्ती निघाली होती. मी पाच दिवस रोज चार-साडेचार तास झोपलो होतो. सराव पुढे ढकलायला हवा होता. फॉर्मच्या तिसऱ्या पानावर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण सराव पुढे गेला की रविवार पुढे जाणार, आणि मी रजा टाकून बसलो होतो. शिवाय मनात एक खात्री होती. ती कुठून आली ते सांगतो.

लहानपणी मामाजी फेरीहून परतले की त्यांचे डोळे लालबुंद असायचे. आम्ही मुलं विचारायचो, मामाजी, एवढा वेळ जागे कसे राहता? ते खिशातून संत्र्याची साल काढायचे, डोळ्यांसमोर धरून दुमडायचे, आणि सालीचं तेल बारीक फवाऱ्यासारखं उडायचं. "हे असं पिळायचं. झोप दहा कोस पळते." आम्ही पिळून पाहायचो आणि डोळे चोळत घरभर पळायचो. मामीजी ओरडायच्या. पुढे इंजिनिअरिंगच्या परीक्षांत मी हाच उपाय केला. काटोलहून डब्यासोबत संत्री यायची. मी संत्रं खायचो, साल जपून ठेवायचो, आणि अभ्यास करताना डोळे मिटायला लागले की पिळायचो. खोलीतली मुलं हसायची. पण मी पास होत गेलो. आपल्या घराण्याला जागं राहता येतं, असं माझ्या मनात पक्कं बसलं. इतरांकडे पैसा होता, इंग्रजी होती. आमच्याकडे हे होतं.

म्हणून सरावाच्या दिवशी टाकीवरच्या बॅगेत पंक्चरच्या सामानाशेजारी मी अर्ध्या संत्र्याची साल ठेवली होती. ती फॉर्ममध्ये कुठेच नव्हती.

पहाटे साडेचारला निघालो. अकराच्या सुमारास कामारेड्डीला पोचलो, चहा घेतला, लगेच परत फिरलो. जाताना सगळं उत्तम होतं. परतीच्या वाटेवर दीडच्या सुमारास एका ढाब्यावर जेवलो. भात खायचा नाही असं मीच लिहिलं होतं. भात खाल्ला.

पांढरकवड्याच्या अलीकडे माझ्या लक्षात आलं की मधला टोलनाका मला आठवत नाही. मोटरसायकलला टोल लागत नाही, बाजूच्या अरुंद वाटेनं जायचं असतं. तिथे वेग कमी करावा लागतो, गतिरोधक असतात. मी त्यावरून गेलो असणार. पण ते काही केल्या आठवेना. नाका मागे गेला की पुढे आहे हेही कळेना. मग मैलाचा दगड दिसला आणि कळलं की तो मागे गेला.

त्या क्षणी थांबायला हवं होतं. सावलीला बाभूळ होती, रस्ता रुंद होता, दिवसाचे तीन वाजले होते. मी थांबलो नाही. डाव्या हातानं हेल्मेटची काच वर केली, बॅगेतून साल काढली, आणि ऐंशीच्या वेगात ती डोळ्यांसमोर दुमडली.

खोलीत खुर्चीवर बसून पिळणं वेगळं आणि वाऱ्यात पिळणं वेगळं. तेल एकदम दोन्ही डोळ्यांत गेलं. पापण्या आपोआप घट्ट मिटल्या. उघडायचं म्हटलं तरी उघडेनात. किती वेळ, सांगता येत नाही, दोन श्वास, तीन श्वास. खालचा आवाज बदलला. डांबराचा सपाट आवाज जाऊन खडीचा खरखराट सुरू झाला. मी एक डोळा जबरदस्तीनं उघडला. समोर डोळ्यांतल्या पाण्यात हलणारं काहीतरी पांढरं होतं, घराएवढं. रस्त्याच्या कडेला उभी असलेली, कापसानं वर शीग लागलेली ट्रॅक्टरची ट्रॉली.

मी काय केलं ते मला माहीत नाही. हातांनी केलं असेल. डावा आरसा ट्रॉलीच्या तट्ट्याला घासला, खाडकन आत वळला, आणि मी पुढे निघून गेलो होतो. मागून कोणीतरी ओरडलं. पाचशे मीटरवर गाडी उभी केली आणि खाली बसलो. ब्रेकच्या दांडीत कापसाचा एक पुंजका अडकला होता. मी तो काढला आणि का कोण जाणे, खिशात ठेवला. बऱ्याच वेळानं डोळे धुतले. उरलेले दीडशे किलोमीटर पन्नासच्या वेगानं आलो.

घरी सांगितलं, ढाब्यावर कोणाची तरी गाडी आरशाला लागली. बायकोनं माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. "अन डोळे?"

"धूळ."

"हेल्मेट घालून?"

मी आंघोळीला गेलो.

आमच्या कारखान्यात एक वही आहे. अपघात होता होता टळला, की त्यात लिहायचं. कोणालाही शिक्षा होत नाही, फक्त लिहायचं, म्हणजे पुढच्या वेळी खराच होऊ नये. उत्तरेकडून आलेले कामगार 'बाल-बाल बचे' यावरून तिला 'बाल-बाल रजिस्टर' म्हणतात. ती वही माझ्या ताब्यात आहे. लोक लिहायला लाजतात, आणि मी दर सोमवारी उभा राहून त्यांना सांगतो की लपवलेला प्रसंग परत येतो. त्या सोमवारीही मी ते सांगितलं. मग वही मिटून कपाटात ठेवली.

पुढच्या रविवारी घरचं पान घेऊन काटोलला गेलो. बसनं गेलो. खऱ्या प्रवासाला तेव्हा सात दिवस उरले होते.

आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळी संत्र्यांची, तोड संपत आली होती. मामाजींच्या अंगणात एका कोपऱ्यात घरापुरती संत्री पसरलेली होती. मामाजी आता सत्तरीला आले आहेत. त्यांनी चष्मा लावला, पान मांडीवर घेतलं, आणि मला समोरच्या पाटावर बसायला सांगितलं. मामीजी दारात शेंगा सोलत बसल्या.

"मोठ्यानं वाचायचं लिहिलं आहे," मामाजी म्हणाले. "म्हणजे हे कोर्टच झालं."

"आरोपी चांगला दिसून राहिला पण," मामीजी म्हणाल्या.

पहिला प्रश्न औषधांचा होता. कोणतंही औषध चालू नाही. मामाजींनी पेन खडूसारखं धरून 'नाही' लिहिलं. दुसरा, रोज किती तास झोपतोस. त्या आठवड्यात मी खरोखरच सात तास झोपलो होतो, भीतीनं का होईना. तिसरा, कुठे कुठे थांबणार. मी तक्ता दाखवला. तो त्यांनी पूर्ण वाचला, प्रत्येक गाव. वाचताना चेहरा उजळला. "अदिलाबाद, निर्मल. या रस्त्यावर एक डाव माल नेला होता मी. तेव्हा चारपदरी नव्हता. हिंगणघाटच्या पुढं एक म्हातारी उसाचा रस विकायची. मेली असंल आता." मग त्यांनी बोट चौथ्या प्रश्नाखाली ठेवलं.

"सरावात, गाडी चालवताना, डुलकी लागली होती का? किंवा," त्यांनी चष्मा सावरला, "किंवा रस्त्याचा एखादा तुकडा आठवत नाही, असं झालं का?"

अंगणात एक माशी संत्र्यांवर बसत होती, उठत होती. मला वाटलं, टोलनाक्याचं सांगावं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण मामाजींचं पेन 'नाही'च्या जागेवर आधीच टेकलेलं होतं. त्यांना माझ्याकडून दुसऱ्या कुठल्या उत्तराची अपेक्षाच नव्हती. वीस वर्षांत मी त्यांना एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.

"नाही, मामाजी."

"अं?" त्यांनी डावा कान पुढे केला.

दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगावं लागलं. "नाही."

त्यांनी लिहिलं. 'ना'पासून 'ही'पर्यंत मी तो शब्द बनताना पाहिला. पाचवा प्रश्न होता, झोप आली तर चोवीस तासांची पर्वा न करता थांबशील का. मी हो म्हणालो. मग त्यांनी सगळं पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि सही केली. नेहमीसारखी, शेवटच्या अक्षराखाली एक आडवी रेघ ओढून.

"झालं," म्हणाले. "आता संत्रं खा."

त्यांनी एक संत्रं सोलून अर्धं माझ्या हातात दिलं. साल हातात घेऊन, गंमत म्हणून, माझ्या डोळ्यांसमोर धरल्यासारखं केलं. मी पटकन मागे सरलो. ते हसले.

"अजून भितो. तुले आठवते का, तुम्ही पोट्टे कसे बोंबलत पळायचे?"

"आठवते. तुम्ही जागे राहायसाठी पिळायचे."

"जागं राहायसाठी?" त्यांनी मामीजींकडे पाहिलं. मामीजी शेंगा सोलता सोलता थांबल्या आणि हसायला लागल्या.

"सांगा आता त्याले," मामीजी म्हणाल्या. "लेकरू एवढं मोठं झालं, इंजिनेर झालं, अन अजून तुमच्या थापा मानून राहिलं."

"अरे बाबू," मामाजी म्हणाले, "सालीनं कोणाची झोप जाते? माणूस आंधळा होते दोन मिनिटं. मी झोपायचो. झाडाखाली गाडी लावायची, अन दोन तास मस्त घोरायचं. पण बाजारात अडत्याले समजलं का ड्रायव्हर वाटेत झोपला, तर तो म्हणे माल सुस्तावला, भाव पाडे. मंग बाजाराच्या अलीकडे एक कोसावर गाडी थांबवायची, साल पिळायची, डोळे लाल करायचे, अन असं डुलत डुलत उतरायचं. अडत्या म्हणे, वा, हा माणूस रातभर थांबला नाही." ते डुलत दोन पावलं चालून दाखवत होते. "अन तुम्हा पोट्ट्यांसमोर शायनिंग मारायची म्हणून सांगत होतो, झोप पळते."

मामीजी हसून डोळे पुसत होत्या. "मले घरी येऊन सांगायचे, आज अडत्यानं पाठ थोपटली."

मी पण हसलो. माझा आवाज मला विचित्र वाटला. तोंडातल्या संत्र्याची चव गेली होती.

परतीची बस साडेचारला होती. मी उठलो, पान घडी करून पिशवीत ठेवलं. पायरीशी चप्पल घालत होतो, आणि मामाजी वाकले.

दर लांबच्या प्रवासाला जाताना ते वाकतात. नोकरीला लागलो तेव्हा वाकले होते, लग्नात वाकले होते. त्यांना आता वाकायला वेळ लागतो. गुडघ्यावर हात ठेवून, मग दुसरा हात जमिनीवर टेकून. मी म्हणालो, राहू द्या मामाजी. त्यांना ऐकू गेलं नसेल. त्यांची बोटं माझ्या दोन्ही पावलांना लागली आणि मग त्यांच्या स्वतःच्या कपाळाला. मला पाय मागे घेता आले नाहीत. सरळ होताना त्यांनी माझ्या दंडाचा आधार घेतला.

"नीट जा," म्हणाले. "मी सही केली आहे."

बसमध्ये मी खिडकीशी बसलो होतो. कळमेश्वर येईपर्यंत ते घडी केलेलं पान मी तीनदा उघडून पाहिलं. 'नाही'तला काना किंचित वाकडा झाला होता, कारण लिहितानाही त्यांनी डावा कान माझ्याकडेच वळवलेला होता.

सोमवारी डॉक्टरबाईंना पान द्यायचं होतं. दिलं नाही, विसरलो म्हणून सांगितलं. मंगळवारी त्यांचा निरोप आला, पानाशिवाय रविवारी सोडणार नाही. मी सीताबर्डीला जाऊन आरसा बदलून आणला. नवा आरसा बसवताना बायको शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या हातात माझी धुवायला टाकलेली पँट होती, आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत कापसाचा पुंजका.

"ढाब्यावर कापूस होता का?" तिनं विचारलं.

मी स्क्रू पिळत राहिलो. तो पुंजका तिनं टाकीवर ठेवला आणि आत गेली.

मी गाडीशेजारी बराच वेळ बसलो. पुढचं सगळं मला स्पष्ट दिसत होतं. पान देता आलं असतं. रविवारी निघता आलं असतं. जमलंही असतं कदाचित. आणि नसतं जमलं, तर कोणीतरी तो फॉर्म उघडला असता, आणि चौथ्या प्रश्नापुढे मामाजींच्या हाताचं 'नाही' आणि खाली त्यांची सही असती. आपण न पाहता ट्रक मागे घेतला असंच त्यांना उरलेलं आयुष्य वाटत राहिलं असतं.

काटोलला जाऊन तोंडानं सांगायचा विचार केला. पण समोर उभा राहिलो तर मला नुसतं रडू आलं असतं, आणि मामाजींनी काहीही ऐकलं नसतं. शिवाय त्यांना ओरडून सांगावं लागलं असतं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. बुधवारी सकाळी डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं की मी रविवारी निघत नाही, आणि का निघत नाही तेही सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कोरं पान पाठवते." दुपारी ते पान आलं, तसं मी हे पत्र लिहून पोस्टात टाकलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे, जशीच्या तशी देतो.

तीर्थस्वरूप मामाजींस,
शिरसाष्टांग नमस्कार. (हा तरी लिहू द्या.)

सोबत तुम्ही भरलेलं पान परत पाठवत आहे. त्यातलं चौथं उत्तर खोटं आहे. ते तुमचं खोटं नाही, माझं आहे. खरं उत्तर 'हो' असं आहे.

सरावाच्या दिवशी परत येताना मला झोप येत होती. एक टोलनाका मला आजही आठवत नाही. तेव्हा मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही आणि चालत्या गाडीवर संत्र्याची साल डोळ्यांत पिळली. डोळे मिटले आणि गाडी रस्त्यावरून खाली उतरली. समोर कापसाची ट्रॉली उभी होती. आरसा तिला घासून मी निघालो. मला काहीही लागलं नाही. ट्रॉलीवाल्याचंही काही बिघडलं नाही असं मला वाटतं, पण मी मागे जाऊन पाहिलं नाही, आणि हेही चुकलंच.

साल पिळायला तुम्ही सांगितलं होतं म्हणून असं झालं, असं मनात आणू नका. तुम्ही झोपून घ्यायचे, मग डोळे लाल करायचे. मी न झोपता डोळे लाल केले. तुम्ही ट्रक तीस वर्षं सुखरूप घरी आणला. मी ते पाहत मोठा झालो आणि नेमकं चुकीचं तेवढं शिकलो. मामीजी हसल्या तेव्हा मला कळलं.

रविवारी मी जात नाही. रजा आहे, ती झोपून काढणार आहे, हे मी डॉक्टरबाईंना कबूल केलं आहे. महिनाभरानं पुन्हा आठशे किलोमीटरचा सराव करणार. त्यात दुपारी दोन ते चार गाडी चालवायची नाही, झाडाखाली झोपायचं. झोप येवो न येवो, आडवं व्हायचं. तुम्ही इतकी वर्षं कोणकोणत्या जागी गाडी लावून झोपायचे, ते मला सांगा. तुमचा रस्ता वेगळा होता, पण झोपायची जागा कशी निवडायची ते तुम्हालाच माहीत आहे. तक्त्यात मी फक्त चहाच्या आणि पेट्रोलच्या जागा लिहिल्या होत्या. झोपायची एकही नव्हती. तुम्ही तो तक्ता पूर्ण वाचला होता, पण मला लाज वाटेल म्हणून बोलला नसाल.

घरी बायकोला काल सगळं सांगितलं. तिला आधीच कळलं होतं.

सोबत एक कोरं पान आहे. सराव झाल्यावर मी काटोलला येईन, तेव्हा पुन्हा पहिल्या प्रश्नापासून विचारा. सही करावीशी वाटली नाही तर करू नका. मी तेच पान तसंच डॉक्टरबाईंना देईन आणि गाडी उभी ठेवीन. तुमच्या सहीनं मी इथपर्यंत आलो, म्हणून तिच्याखाली हे असं राहू द्यायचं नाही.

मामीजींना नमस्कार. रविवारी त्यांनी बांधून दिलेल्या शेंगा बायकोला आवडल्या.

एक मागणं आहे. रविवारी तुम्ही वाकलात तेव्हा मी नुसतं 'राहू द्या' म्हणालो, ते तुम्हाला ऐकू गेलं नसेल. आपल्याकडची रीत आहे, ती मी मोडत नाही. पण पुढच्या वेळी पान भरून झालं की वाकायच्या आधी मला चौथा प्रश्न आणखी एकदा विचारा.

तुमचा,
भाचा